यांची किडनी आणि माझ्या अँटिबॉडीज

परवा आम्ही नागपूरला क्रॉसमॅचचा रिपोर्ट घ्यायला गेलो होतो, मी आणि आमचे हे. यांची किडनी मला चालेल की नाही, ते त्या रिपोर्टमध्ये कळणार होतं.

माझ्या दोन्ही किडन्या माझ्याच अँटिबॉडीजनी निकामी केल्या. बाहेरून आलेले जंतू ओळखून धरणं हे त्यांचं काम... माझ्यात त्यांनी घरच्यालाच परकं ठरवलं. आता सेवाग्रामला डायलिसिसच्या वाऱ्या.

गेल्या वर्षी हे म्हणाले, मी देतो. रक्तगट जुळत होता. त्या दिवशी मी आनंदाने रडले, ते खोटं नव्हतं.

मग कौतुक सुरू झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नशीब काढलं बाई तू. नाईतर बायकाच देतेत, माणूस कुठी देते?" समाजाच्या मेळाव्यात यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. किडनी अजून यांच्याच पोटात होती, शाल मात्र खांद्यावर आली.

सासूबाई दुधाचा ग्लास यांच्यापुढे ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. वर्षभर मी घरात कशालाच नाही म्हटलं नाही. ज्याची किडनी घ्यायची, त्याच्याशी भांडायचं कसं...

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, जुळत नाही. माझ्या रक्तातल्या पाण्यात यांच्या पेशी टाकल्या, तर त्या मेल्या. यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज माझ्यात आधीपासूनच आहेत आणि भरपूर आहेत.

कधी रक्त चढवलं होतं का, त्यांनी विचारलं. नाही. मग म्हणाल्या, "ताई, दिवस कितीदा गेले होते?"

"दोनदा," हेच बोलले. "दोन पोरी हायेत आम्हाले."

मी म्हटलं, "पाचदा."

डॉक्टरांनी मान वर केली नाही, नुसतं लिहून घेतलं. दोन मुलींनंतर तीनदा मला रिकामं केलं गेलं. का, ते इकडच्या बायकांना सांगायला नको.

त्यांनी समजावलं. पोटातल्या बाळात अर्धा वाटा बापाचा असतो. आईच्या शरीराला तो परका वाटतो, आणि कधी कधी त्याच्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात. दर खेपेला त्या वाढू शकतात... बाळ जन्माला येवो न येवो. त्या काढून टाकायचे उपचार आहेत, पण माझ्यात इतक्या आहेत की भरवसा देता येत नाही.

थोरली म्हणत होती, बाबांचं जमलं नाही तर मी देईन. तिच्यातही बापाचा तोच वाटा, त्यामुळे तिचीही बहुतेक चालणार नाही. एवढं एक मात्र मला बरं वाटलं.

परतताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, वाईट वाटत असेल. वर्ध्याला उतरून नालवाडीच्या ऑटोत बसलो, तेव्हा हळूच म्हणाले, "ते तीन कायले सांगतले तिले?"

बस, एवढंच.

संध्याकाळपर्यंत घराची गोष्ट ठरून गेली. अंगणात सासूबाई काकूंना सांगत होत्या, "पोरगा तं द्याले तयारच होता. हिच्याच रक्तानं नाई म्हटलं." काकूंनी माझ्याकडे बघून च्‌च्‌ केलं. यांनी ऐकलं आणि पेपर उघडला.

ज्यांनी शाल दिली, तेही इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. घरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचेलच, म्हणून माझीही लिहिते आहे. आता माझं नाव वाट बघणाऱ्यांत लागेल... कुणीतरी अनोळखी माणूस जाईल, त्याच्या घरचे हो म्हणतील, आणि ती किडनी तरी माझ्या रक्ताला चालेल, तेव्हा.

स्वतःच्या रक्ताचा राग येतो का, विचारून पाहिलं. नाही येत. आमच्या घरात त्या तिघींना कधी कुणी मोजलं नव्हतं. परवा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि त्या धरून आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला.

त्या डॉक्टरबाईंचे आभार मानायचे राहूनच गेले.