होऊ द्या समद्यांचं

किल्ल्यावरच्या मामांना मी कधी पहिल्या पंगतीत बसलेलं पाहिलं नाही. उदगीरच्या किल्ल्यावर ते पहारेकरी होते आणि आमच्या घराला लागूनच त्यांची खोली होती. एकटा जीव. लग्न कुणाचंही असो, हे हातात पाण्याचा जग घेऊन फिरायचे. आग्रह केला की म्हणायचे, "होऊ द्या समद्यांचं." मामांची आई लहानपणीच गेलेली, ते मुरुडला चुलत्याकडे वाढले. तिथं उरलं तर यांचं ताट. मला त्या चुलत्याचा अजून राग येतो. मामांना कधी आला नाही.

एकदा विजेच्या तारेला चिकटून एक माकडीण मेली. तिचं पिल्लू मामांनी शर्टात घालून घरी आणलं आणि नाव ठेवलं राणी. दूध आधी राणीला, भाकरीचा पहिला तुकडा राणीला. "हिला कुनाच्या मागं बसवायचं न्हाई," म्हणायचे. जन्मात एवढा एकच हट्ट त्यांनी केला असेल.

राणी मोठी झाली, गल्लीतल्या पोरांच्या हातातलं हिसकावू लागली, तेव्हा मामांनी तिला किल्ल्यावरच्या कळपात सोडलं. मीही सोबत होते. शेंगा टाकल्या तशी राणी सरळ मधोमध जाऊन बसली. थोरल्या माकडिणीनं तिला असं धरलं की कान फाटला. कुणापुढं बाजूला व्हायचं हे पिल्लं आईच्या पोटाला बिलगून शिकतात, राणीला ते माहीतच नव्हतं. पुढं ती बुरुजाच्या कडेला बसायची आणि सगळे उठल्यावर टरफलं चिवडायची. थोरलीचं वीतभर पिल्लू येऊन तिच्या हातातली शेंग न्यायचं. ती देऊन टाकायची.

मामा रोज बघायचे. लाडानं आपणच तिचं वाटोळं केलं, हे त्यांनी मनाला फार लावून घेतलं. एकदा म्हणाले, "त्या पिल्लाच्या मागं आई हाय. हिच्या मागं मी हाय, पन मला कोन इचारतंय."

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. लातूरच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. नंबर पुकारला की हे मागच्याला वाट करून द्यायचे. तीनदा तसंच झालं आणि डॉक्टरांची वेळ संपली. "येऊ की पुढच्या आठवड्यात," मामा म्हणाले, "त्या मागच्यांसंगं मानसं व्हती."

तो आठवडा त्यांना मिळाला नाही.

मामांसोबतही माणूस होतं. मी होते. शेजारच्या खुर्चीत बसून होते, आणि एकदाही उठून म्हटलं नाही की नंबर आमचा आहे.