मी शालूला जामीन राहिले

अक्षर माझं वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, त्याची माफी असावी. चौथीनंतर पाटी सुटली. जे काही येतं ते मास्तरांनी शिकवलेलं. त्यांच्याचबद्दल लिहायचं आहे, म्हणून हात जास्तच अडखळतो.

सात वर्षांपूर्वी कचेरीत मला उभं केलं होतं. मास्तर खुर्चीवर होते. कारकुनाने नोटीस वाचली आणि माझ्याकडे बघून हसला.

"जामीन? ही? मास्तर, तुमच्या मुलीला दुसरं कोणी मिळालं नाही?"

मास्तर म्हणाले, "आमच्याकडे भांडी घासते. सही कशावर केली ते तिलाच ठाऊक. कागदावर माझं नाव कुठेही नाही."

शुद्ध मराठीत म्हणाले. घरी ते माझ्याशी असं बोलत नसत. सगळे हसले. माझ्या लुगड्याला भांड्यांची राख लागली होती. मी तिथेच बघत राहिले.

शालू त्यांची मुलगी. रत्नागिरीला सरकारी खर्चाने नर्सचं शिकली. अट अशी की, पुढे पाच वर्षं आपल्या भागातल्या दवाखान्यात काम करायचं. मध्येच सोडलं तर सगळा खर्च परत. त्याला जामीन हवा होता, घराबाहेरचा, जमीन नावावर असलेला. मास्तरांच्या चुलतभावांनी अंग काढून घेतलं. माझा नवरा गलबतावर होता, समुद्रात गेला. तेव्हापासून चार गुंठे आणि अकरा माड माझ्या नावावर होते. मास्तरांनी मला आत बोलावलं. त्यांच्या बायकोने, काकींनी, पाट मांडला. त्या घरात मी पहिल्यांदाच पाटावर बसले.

"गो, तुका सही येता मां?"

"येता, मास्तरांनू."

"मगे लिव. गावात नर्स येतली. तुमचीच बाळंतपणां करतली."

मी कागद वाचला नाही. वाचता येत असून वाचला नाही. ज्यांनी वाचायला शिकवलं, त्यांच्यासमोर कागद वाचून बघायचा म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, असं वाटलं. सही केली.

शालू वाईट नव्हती. आठ महिने दवाखान्यात होती. माझ्या जावेचा पहिला मुलगा तिच्याच हातचा. मग विलायतेत नर्स कमी पडतात असं कळलं आणि ती गेली. तिकडून फोटो आला. डोक्यावर पांढरी टोपी, खाटेवर एक गोरी म्हातारी, तिचा हात शालूच्या हातात. मास्तर तो फोटो येईल-जाईल त्याला दाखवत.

इकडे दवाखान्याला कुलूप. दुसऱ्या खेपेला जावेला कळा सुरू झाल्या, त्या दोन दिवस थांबेनात. होडीत घालून पलीकडे न्यायला निघालो. खाडीच्या मध्यावर ती गेली. पोर पोटातच. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला दुसरं काही येत नव्हतं.

त्याच महिन्यात नोटीस आली. सातशे वीस रुपये भरा, नाहीतर माड जप्त.

त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडले, तर मास्तर चिंचेखाली थांबले होते. आता पुन्हा मालवणी.

"भिया नको. माड माझ्या नावावर कर. पैसे मी भरतंय. तू रव थंयच, झावळां तुकाच."

त्यांना विलायतेहून पैसे येत होते. घरावर मंगळुरी कौलं चढली होती.

मी म्हटलं, "नाय."

"काय नाय?"

"माड मी देवचंय नाय. तुमची भांडी पण घासूचंय नाय."

"मगे खातलंस काय? सुंभ?"

सुंभच वळला. नारळाची सोडणं खाडीत कुजवायची, ठोकायची, वळायची. तळहाताची साल निघायची, नवी यायच्या आत पुन्हा निघायची. कचेरीने हप्ते बांधून दिले, ते सात वर्षं भरले. मास्तरांशी वाकडं घेतलं म्हणून गावातल्या बायका विहिरीवर माझ्याशी बोलायच्या थांबल्या. शालूला कोणी कळवलं की नाही, ठाऊक नाही. पत्ता मास्तरांकडेच. दवाखान्याच्या कुलपाला गंज चढला. मला काहीच थांबवता आलं नाही.

गेल्या सोमवारी शेवटचा हप्ता भरला. कारकून नवा होता. शिक्का मारून म्हणाला, "झालं बाई. सुटलात."

मी विचारलं, "नर्स कधी येणार?"

"कुठली नर्स?"

"जिच्या शिक्षणाचा खर्च मी भरला ती. नाहीतर तिच्या जागी दुसरी."

"ते खातं वेगळं. इथे फक्त वसुली."

चारचौघांत बोलायची मला अजून भीती वाटते. तरी त्या खात्याचं दार कुठलं, ते विचारून घेतलं. बंद होतं. आता दर सोमवारी जाणार आहे. हसले तरी जाणार, हाकललं तरी जाणार. जाव परत यायची नाही. शालूही यायची नाही. पण आमच्या दवाखान्यात नर्स आली पाहिजे. मी फुकट मागत नाही. सातशे वीस रुपये, सगळेच्या सगळे, भरून झाले आहेत.