कोरं ठेवलेलं लेबल

कॉलेजच्या संगणक विभागात तिला सगळे ताई म्हणायचे, प्रेमानं कमी आणि धाकानं जास्त. तिथले सर्व्हर तिच्या ताब्यात होते. प्रत्येक डिस्कचे तिने कप्पे पाडले होते, एकात सिस्टम, एकात निकाल, एकात मुलांची कामं, आणि प्रत्येक कप्प्याला लेबल दिलं होतं. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी बजावायची की यंत्र डिस्कला जे अक्षर देतं त्यावर विसंबू नका. डिस्क काढली-घातली की अक्षरं बदलतात. लेबल कप्प्यावरच लिहिलेलं असतं, ते हलत नाही.

घरच्या संगणकावरही कॉलेजसारखीच लिनक्स प्रणाली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने शेजारी बसून तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते. गिऱ्हाइकांच्या नकला करताना दुखणं विसरायची. ती गेल्यावर ताईने हे सगळं वेगळ्या डिस्कवर ठेवलं आणि लेबल द्यायला बसली. 'आई' लिहायचं होतं, पण बोटं चालेनात. मग बघू, म्हणून ती उठली.

धाकटा भाऊ परगावी असायचा. ऐकतोस का, असं तिने अनेकदा विचारलं. सवडीनं ऐकेन, म्हणायचा. खरं तर त्याला धीर होत नव्हता.

एकदा तो फोटो ठेवायला आईच्या डिस्कएवढ्याच आकाराची नवी डिस्क घेऊन घरी आला. ती जोडून त्याने ताईला फोन केला. ताईपुढे बंद पडलेला सर्व्हर होता आणि मागे प्राध्यापक खोळंबले होते.

"दोन सारख्याच दिसतायत," तो म्हणाला. "एकीला कंपनीचं काहीतरी नाव आहे, दुसरीला काहीच नाही. नवी कुठली?"

"नाव नाही तीच. कर फॉरमॅट आणि टाक फोटो."

संध्याकाळी घरी येऊन तिने स्क्रीन पाहिली. कंपनीच्या नावाची नवी डिस्क तशीच रिकामी होती; पुसली गेली होती ती आईची. नुसतं फॉरमॅट झालं असतं तर बरंचसं परत मिळालं असतं. पण वर फोटो चढले होते, डिस्क जवळजवळ भरली होती.

सुट्टी टाकून ती उरलंसुरलं शोधत बसली. हाती लागली ती अगदी शेवटची रेकॉर्डिंग्ज. तोवर आईची वाचा गेली होती.

भावाने हेडफोन लावले. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे ऐकत होता. आईचा श्वास, आणि ताईचा आवाज: आई, बोल ना काहीतरी.

"यात नुसती तूच आहेस," हेडफोन काढून तो म्हणाला. मग खाली बघत, "मी विचारलं होतं तुला."

"आणि मी तुला किती वेळा म्हटलं होतं, ऐक म्हणून?"

 हल्ली तो या गावात येतो तेव्हा मित्राकडे उतरतो. येऊन गेल्याचं ताईला शेजाऱ्यांकडून कळतं.