अठ्ठ्याहत्तरचा वेग

केतकीचा मेसेज आला तेव्हा मी कंपनीच्या शटलमध्ये होते. ‘बाबा गेले. सकाळी.’ मी फोन मांडीवर उलटा ठेवला आणि स्टॉप येईपर्यंत तसाच राहू दिला.

केतकीचे बाबा, मधूकाका, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला माझ्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. मी ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये आहे हे कळल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं आणि एक तबकडी पुढे ठेवली. शंभर वर्षांहून जुनी. त्यांच्या आजीने लग्नाआधी रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर गायलेली तीन मिनिटं. लग्नानंतर ती लोकांसमोर कधी गायली नाही. तबकडीवरचं नाव सासरच्या कुणीतरी खरवडून काढलं होतं. ‘‘हिला कॉम्प्युटरवर घे,’’ काका म्हणाले. ‘‘नाहीतर केतकी गराज सेलमध्ये काढेल.’’

‘‘काका, असं काय बोलता?’’

‘‘बरं, डोनेट करेल.’’

तबकडी नेहमीच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने लावली की बारीक, घाईतला आवाज यायचा. काका डोळे मिटून ऐकायचे. ‘‘आजी...’’ एवढंच म्हणायचे. मला ती माया वाटली.

त्या काळी सगळ्या तबकड्या एकाच वेगाने भरत नसत, हे मी वाचलं होतं. साथीच्या पेटीचे सूर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडत होते. मी वेग कमी करत नेला. सत्तरच्या जवळ पेटी सुरात बसली आणि गाणारी बाई वेगळीच झाली. जाड, संथ आवाज, मधे घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येणारा. तोवर काकांची केमो थांबवली होती. जन्मभर ऐकलेला आवाज चुकीचा होता, हे अशा माणसाला कसं सांगायचं? ‘‘झालं का गं?’’ ते विचारायचे. ‘‘थोडा नॉइज आहे, काका.’’ मराठीत नीट सांगता येणार नाही असं वाटलं की गप्प बसायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. शेवटी मी जुन्याच वेगाची फाइल दिली. त्यांनी एकदा ऐकली, ‘‘छान केलंस’’ म्हणाले, आणि फोन बाजूला ठेवला.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी केतकी त्यांची खोली आवरायला आली. मी मदतीला गेले. ‘‘ही तू ठेव,’’ तबकडी हातात घेऊन ती म्हणाली. ‘‘पणजीच आहे की नाही, कुणाला माहीत. बाबांना कायम डाउट होता. त्यांची आजी त्यांना झोपवताना गुणगुणायची ना, तो आवाज एकदम जाड होता म्हणे. म्हणायचे, ही दुसरीच कुणीतरी पोरगी आहे. तरी टाकवली नाही यार त्यांना.’’

मी खाली जाऊन लॅपटॉप आणला आणि सत्तरच्या वेगाची फाइल लावली. केतकी काकांच्या पलंगाच्या कडेवर बसली. तीन मिनिटं आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

‘‘बाबांनी लगेच ओळखलं असतं,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘‘हे तुझ्याकडे कधीपासून आहे?’’

‘‘मार्चपासून.’’

काका जूनमध्ये गेले. केतकीने हातातली तबकडी आपल्या बॅगेत ठेवली आणि कपाटाचा पुढचा कप्पा उघडला.