उजवीकडून सहा अक्षरं

आमच्या मल्लिनाथ भावजींना वय विचारलं की ते एक्सेल उघडतेत. चौतीस येतं. मग फॉर्म्युलाच चुकला असंल म्हणून परत तपासतेत. शिरूर अनंतपाळला तहसीलीसमोर त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न घातलेला माणूस, पण लगीन जमंना. मी त्यांची वहिनी, घोर मलाच.

औंदा लातूरला आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता, आन् पुस्तिकेचं काम भावजींकडं. चारशे बारा मुलींची माहिती आली, पण नाव, गाव, शिक्षण आन् शेवटी अपेक्षा, समदं एकाच खान्यात कोंबलेलं. अपेक्षा तेवढी वेगळी काढायची होती. भावजी म्हणले, "हातानं कशाला वहिनी? मॅक्रो लिहितो, कॉम्प्युटर आपोआप काढंल."

पहिल्याच मुलीनं लिहिलं होतं 'शेतकरी'. कोण माउली ती, पाया पडावं तिच्या. कॉम्प्युटर मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा मोडका पाय, समदं वेगळं मोजतो म्हणं, त्यामुळं ती सहा अक्षरं भरली. भावजींनी मॅक्रोला सांगितलं, प्रत्येक खान्यातली उजवीकडची सहा अक्षरं काढ. दुसरीचा 'डॉक्टर' बी बरोबर निघाला. झालं, पुढचं न बघताच छापायला दिलं.

पुस्तिका आली. 'इंजिनिअर'चा 'जिनिअर' झालता, ते मरू द्या. पण उदगीरच्या दामिनीपुढं छापलं होतं, 'अपेक्षा: व्यसनी'. ही दामिनी तिथं वाचनालयात हाय. मागच्या मेळाव्यात भावजी तिच्यापुढं दोनदा जाऊन नुसतं पाणी पिऊन आलते. वर्षभर त्यांच्या मनात तीच.

"अवो, काहीतरी चुकलं असंल," मी म्हणलं.

"मॅक्रो चुकत न्हाई वहिनी. माणूस चुकतो. मीच कमी पडून राहिलो."

आन् मेळाव्याच्या सकाळी ह्या शहाण्यानं लातूरच्या स्टँडवर तंबाखूची पुडी घेतली. मला कळलं असतं तर तिथंच कान उपटला असता, दीर असो की कुणी.

दामिनी आन् तिची आई दानम्मा समोर बसल्या. हात जोडून शरणार्थ म्हणून झालं. भावजींनी पुडी काढली, ऐटीत मळली आन् चांगली चिमूटभर गालात ठेवली. थुंकायचं असतं हे त्यांना ठाऊक न्हाई. गिळली. आधी उचकी लागली, मग घाम फुटला, मग डोळे पांढरे करून गडी आडवा झाला तो थेट दानम्मांच्या मांडीवर. मला धरणी पोटात घेईना.

"मी तर निर्व्यसनी लिहिलं होतं," दामिनी म्हणली. मी गुमान पुस्तिका पुढं केली.

भावजी मिटल्या डोळ्यांनी बोटं मोजायला लागले. "न, वेलांटी, र... दहा भरतेत. मी सहाच घेतली." मग रडकुंडीला येऊन म्हणले, "आजच पहिल्यांदा खाल्ली हो. तुम्हाला आवडते म्हणून."

दामिनी तोंडाला ओढणी लावून हसून राहिली. मी म्हणलं, संपलं, आता घरी चला.

दानम्मांनी काही त्यांचं डोकं मांडीवरून काढलं न्हाई. पदरानं वारा घालत म्हणल्या, "दामिनी, निर्व्यसनी म्हणून लिहून तर समदेच देतेत. शंभर माणसांत सिद्ध करून दाखवणारा हाच एक निघाला."