भागरताबाईंचा पाचवा प्रश्न

भागरताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या नवऱ्याला मारत होत्या.

तुमसरचा बाजाराचा दिवस होता. मी न सांगता आंधळगावला माहेरी निघाले होते आणि बस सुटायच्या आत नवऱ्याने मला गाठलं होतं. केसांना धरून तो मला भर रस्त्यातून ओढत नेत होता. माणसं बाजूला सरकून आम्हाला वाट देत होती. एका बेकरीसमोर आलो आणि आतून एक उंच, काळीसावळी, पदर खोचलेली बाई बाहेर आली. हातात भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. तिने फावडं दोन्ही हातांनी उचललं आणि नवऱ्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो खाली बसला, तर दुसरा घाव पाठीत. तिसरा घालायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं.

"अजून पायजे का?"

मी मानेनेच नको म्हटलं.

"मंग आत चाल. मैदा चाळता येते का तुले?"

त्या दिवसापासून साडेतीन वर्षं मी त्या बेकरीत होते. नवऱ्याने तक्रार दिली म्हणून हवालदार आला, तेव्हा भागरताबाई पाव भाजायच्या पत्र्यांना तेल लावत होत्या. "मारलं का बाई?" त्याने विचारलं. "मारलं. लिवून घ्या. पण त्यानं पोरीले केसाले धरून काहून ओढलं तेही लिवा, मंगच अंगठा देईन." हवालदाराने थोडा वेळ कागदाकडे पाहिलं, घडी घातली आणि तो निघून गेला. नवरा पुन्हा त्या रस्त्याने आला नाही.

भागरताबाई मूळच्या करडी गावच्या. घरचे तळ्यात आणि नदीत मासेमारी करणारे. त्यांना माशाचा वास आवडत नसे, असं त्या उघड म्हणत आणि दर बुधवारी मासे खात. डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत सुरकुतलेली, गुळगुळीत, गुलाबी होती. कोणी त्या हाताकडे बघत राहिलं तर त्या तोच हात त्याच्या नाकासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "पाय, नीट पायून घे, पोट भरलं का?"

त्यांचा स्वभाव मी गोड करून सांगणार नाही. त्या हात उचलत. कणीक सैल झाली की पाठीत धपाटा, पाव करपला की गालावर चापट. मीही खाल्ल्या. एकदा पाव फुगवायचं खमीर उन्हात राहून खराब झालं, तेव्हा त्यांनी तो सगळा डबा माझ्या डोक्यावर ओतला आणि मग स्वतःच बादलीभर पाण्याने माझे केस धुऊन दिले. धुताना म्हणाल्या, "रडून काहून राहिली? खमिरानं केस वाढतेत." आम्ही तिघी-चौघी बायका तिथे कामाला होतो. त्यांची भीती वाटायची, तरी बेकरी सोडून कोणी जात नसे, कारण बाहेर त्यांच्याहून वाईट माणसं होती आणि ती आम्हाला ठाऊक होती.

गावात वाढदिवसाचे केक मागायला लोक येऊ लागले होते. भागरताबाईंना पाव, टोस्ट, खारी, नानकटाई उत्तम यायची, पण केक बसायचा. एक दिवस नागपूरहून आलेल्या पाहुण्याने गुळगुळीत कागदावर छापलेलं माहितीपत्रक आणून दिलं. तिथल्या एका खासगी पाकशाळेत बेकरीचा वर्षभराचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र. वर पांढरी टोपी घातलेल्या माणसांचा फोटो. मी ते चार वेळा वाचलं आणि भीत भीत भागरताबाईंसमोर ठेवलं.

त्यांना वाचता येत नव्हतं. फोटो मात्र त्यांनी बराच वेळ पाहिला.

"टोपी कोरी हाय," त्या म्हणाल्या. "पीठ नाई लागलं कोठीच."

दुपारची भट्टी लागली. मग पहिला घाणा आत सरकवून त्या माझ्याशेजारी बसल्या आणि कधी न सांगितलेली गोष्ट सांगू लागल्या. एकोणिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या होत्या. आईचे चांदीचे गोठ विकून त्यांनी रायपूरकडच्या एका माणसाच्या बेकरी शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. तो स्वतःला उस्ताद म्हणवायचा. आठ महिने त्यांनी पत्रे घासले आणि पोती उचलली. खमीर तो दार लावून घालायचा. चूक झाली की कमरेचा पट्टा काढायचा. एक दिवस भागरताबाईंनी विचारलं, "उस्ताद, मले खमीर कवा शिकवान?" त्याने त्यांचा हात धरला आणि भट्टीच्या लोखंडी दारावर दाबला. दाबून धरला. सोबतचे दहा-बारा जण बघत उभे होते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. हात सुटला तशी मी निखारे वढायची सळई घेतली. त्याचे पुढचे दात पाडले. सामान तठीच सोडून पायी निंगाली." त्या उठल्या, भट्टीत डोकावल्या, परत आल्या. "मी कोणाले काई इचारलं नवतं, सुमन. फोटो पायला अन् गेली. तू इचारजो."

मी माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचे प्रश्न लिहून घेतले. एका भट्टीवर किती जणांचे हात? शिकवणारा स्वतः भाजते का नुसता बोलते? पोरं जे भाजतेत ते कोठी जाते? मधातच सोडलं तर कागद परत देतेत का? पाचवा प्रश्न सांगायला त्यांनी वेळ घेतला. पाव बाहेर काढून झाले, रचून झाले, तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तठी मारतेत का?"

"मावशी, असं कसं विचारू?"

"तुया तोंडानं नसल होत तर मी येतो संग."

आणि त्या खरंच आल्या. नवं लुगडं नेसून, पायात कधी नसणाऱ्या चपला घालून. पाकशाळेचे संचालक सफारी घातलेले, बोलण्यात गोड. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. भागरताबाईंनी चहाला हात न लावता विचारलं, "एका भट्टीवर किती जन?"

"आमच्याकडे सगळी आधुनिक यंत्रं आहेत, बाई."

"ते नाई इचारलं."

संचालक हसले. "पुरेसा सराव मिळतो."

"पोरं जे भाजतेत ते कोठी जाते?"

"ते प्रशिक्षणाचा भाग म्हणून बाहेर जातं." त्यांचं हसू कमी झालं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "प्रवेश तुम्हाला घ्यायचा आहे की यांना?"

मी तोंड उघडायच्या आत भागरताबाई उठल्या आणि भाजल्याच्या वासावरून थेट मागच्या खोलीकडे चालू लागल्या. मी मागे धावले. तिथे एक भट्टी होती आणि वीसेक मुलंमुली. मागच्या दाराशी टेम्पो उभा होता आणि त्यात पावाचे खोके चढत होते. दाराजवळ एक मुलगी पत्रे घासत होती. तिच्या गालावर चार बोटांचे निळे वळ होते.

भागरताबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "कोणं मारलं व, बाई?"

मुलीने उत्तर द्यायच्या आधी वर पाहिलं, शिकवणाऱ्या मास्तरकडे. मग म्हणाली, "पडले मी."

"मले उत्तर भेटलं," भागरताबाई उठत म्हणाल्या. "चाल सुमन."

त्यावर गोष्ट संपली असती. पण त्यांनी त्या मुलीचाही हात धरला आणि तिला म्हणाल्या, "तूही चाल." मास्तरने येऊन त्यांना धक्का दिला. त्यांचं डोकं लोखंडी मांडणीच्या कोपऱ्यावर आपटलं आणि कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी शेजारचा पत्रा उचलून त्याच्या तोंडावर मारला. त्याने त्यांचे केस धरले आणि त्यांना खाली खेचलं. केस धरलेला तो हात मी पाहिला आणि टेबलावरचं जाड लाटणं माझ्या हातात कधी आलं ते मला कळलं नाही. मी त्याच्या मनगटावर मारलं. तो सोडेना, म्हणून परत मारलं. दुसऱ्या वेळी आत काहीतरी तुटलं. त्या आवाजाची मला अजून लाज वाटते, आणि तेव्हा वाटलेला आनंदही मी विसरलेले नाही.

आम्ही तिघी मागच्या दाराने बाहेर पडलो. ती मुलगी मौद्याला बस थांबली तेव्हा उतरली. तिचं घर तिथेच होतं. तिने आम्हाला नाव सांगितलं नाही. भागरताबाई कपाळावर पदर दाबून बसल्या होत्या, रक्त थांबत नव्हतं. पुढच्या वळणावर त्यांनी विचारलं, "फी नाई ना भरली?"

"नाही."

"बस झालं मंग." आणि त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटी दुसऱ्या संस्थेत गेले. ती सरकारी होती, जुन्या कौलारू इमारतीत. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, हातांवर डाग. चार प्रश्नांची उत्तरं त्यांनी सरळ दिली. एका भट्टीवर सहा जण. पाचवा प्रश्न मी खाली मान घालून विचारला. त्यांनी आधी हातांवरचं पीठ नीट पुसून काढलं. मग म्हणाल्या, "मी एकदा मारलं होतं. एका मुलाला, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोरच त्याची माफी मागितली. त्यानंतर नाही." मी त्याच दिवशी अर्ज भरला. कोणी मारत नाही असं त्यांनी पटकन सांगितलं असतं, तर कदाचित भरला नसता.

भागरताबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "माफी? कोणं कोणाले मांगतली?" मी पुन्हा सांगितलं. "मास्तरनीनं पोट्ट्याले?" त्यांनी मान हलवली आणि परत कणकेत हात घातले.

वर्षभराने मी केक शिकून परत आले. बेकरीसमोर केकसाठी लोक थांबू लागले आणि भागरताबाई येणाऱ्या प्रत्येकाला माझं प्रमाणपत्र दाखवायच्या, उलटं धरून. ते दिवस चांगले होते, पण थोडे. त्या वर्षी पोळ्याच्या आधी शांता नावाच्या आमच्यातल्या बाईच्या हातून अंड्यांची टोपली पडली. भागरताबाईंनी तिच्या कानशिलात मारलं. पहिल्या चापटीत ती भिंतीवर गेली. दुसरी मारली तेव्हा तिच्या कानातून रक्त आलं. तिसरीसाठी हात वर गेला आणि मी तो मनगटाला धरला. जळलेला हात. कातडी हातात सरकली.

"सोड."

"नाही सोडणार. मावशी, अठी मारतेत का?"

मी त्यांच्याच बोलीत विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मीच त्यांना मारलं होतं. शांता भिंतीशी बसून कान धरून कण्हत होती. भागरताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. तरी मी हात सोडला नाही. शेवटी त्याच थकून म्हणाल्या, "जा तू. तुई भट्टी येगळी कर. माया डोयासमोर नोको राहू."

मी शांताला घेऊन निघाले. तिला त्या कानाने पुढे कधीच ऐकू आलं नाही. आंधळगावला भावाच्या घरामागे मी लहानशी भट्टी घातली आणि शांता माझ्याबरोबर राहिली. दोन वर्षं भागरताबाईंचा निरोप नाही, माझा नाही. तुमसरहून येणारे सांगायचे की त्या बेकरीत फारशा बसत नाहीत, सारख्या करडीला भावाकडे जातात.

त्या करडीच्या तळ्यावरूनच बातमी आली. तळ्यातल्या मासेमारीवरून दोन गटांत भांडण पेटलं होतं, काठ्या निघाल्या होत्या, आणि भागरताबाईंच्या डोक्यात काठी बसली होती. त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं होतं. मी शांताला विचारलं, येतेस का. तिने पिठाचे हात धुतले आणि म्हणाली, "चाल."

त्यांचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं. एक डोळा सुजून मिटला होता. उघड्या डोळ्याने त्यांनी आधी मला पाहिलं, मग शांताला. शांताच्या चांगल्या कानाकडे तोंड करायला त्या उशीवर धडपडल्या, पण मान वळेना. शेवटी शांताच त्या बाजूला जाऊन वाकली.

"मी कोणाले मारलं नाई, बाई," भागरताबाई म्हणाल्या. शब्द जड येत होते. "काठी पायाशी पडून होती. उचलली नाई. इचारजा तठी. कोणालेबी इचारजा."

शांताने त्यांचं तोंड पदराने पुसलं. माफीचा शब्द कोणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी करडीला गेले आणि खरंच विचारलं. तळ्याच्या पाळीवर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. भागरताबाई मधे शिरल्या होत्या, त्यांनी आपल्या भाच्याचे दोन्ही हात मागून घट्ट धरून ठेवले होते आणि समोरून काठी येताना दिसली तरी ते सोडले नव्हते.

"हात सोडले असते त वाचली असती," तो म्हणाला. "पण पोट्टा मारायले धावला असता ना."