पांढरा ठिपका

दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, असं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी "बरं झालं" म्हणालो. फोन ठेवला आणि किती दिवस उरलेत ते कॅलेंडरवर मोजलं.

दादा माझे सख्खे कुणी नव्हेत. खोपोलीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं तपासणीला होतो. बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर धरायला मला त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते कर्जतपलीकडे कळंबला आपल्या घरी राहायला गेले, मी अजून खोपोलीतच आहे. नोकरीतली ओळख पुढे टिकली ती एका गाडीमुळे. जुन्या काळातली तांबडी रेसिंगची गाडी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. खरी आम्ही दोघांनीही कधी पाहिलेली नाही. दोघांकडे तिचं तळहातावर मावेल एवढं मॉडेल आहे, खरीच्या त्रेचाळीसपट लहान. माझं साधंच, हौसेनं घेतलेलं. दादांचं त्यांच्या मुलानं जर्मनीहून पाठवलेलं. मुलगा भांडून गेला होता, बापाशी बोलत नव्हता. एक दिवस नुसता तो डबा आला, आणि मग दर रविवारी फोन येऊ लागला. त्यामुळे ती गाडी त्या घरात काय आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

एकाच गाडीची दोन मॉडेलं शेजारी ठेवली की वादाला तोटा नसतो. नाकाचा उतार कुणाचा बरोबर, एक्झॉस्टचा पाइप कुठे वळायला हवा, तांबडा रंग नक्की केवढा तांबडा. दादा माझ्या चाकांना बैलगाडीची चाकं म्हणायचे. मी त्यांच्या गाडीला देव्हाऱ्यातली म्हणायचो. वहिनी म्हणायच्या, दोन म्हातारी पोरं बसलीत.

मग दादांचा मोतीबिंदू वाढला. सगळं ताकात बुडल्यासारखं दिसतं, म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आपली गाडी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मला आता मोजता येत नाय. तू घरी ने नि सांग, दोन्हींत खरी कुठली. फक्त उघडू नको रं."

मोजली. खऱ्या गाडीची मापं एका मासिकात मिळाली होती, त्यांना त्रेचाळीसनं भागलं. दादांची गाडी सगळीकडे बरोबर बसत होती. माझी नाकात आखूड, चाकांत जाड. आणि मला ते सोसलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस मी, एका खेळण्यावरून जळलो. तशा बारीक तारा माझ्याही चाकांना बसवता येतील, फक्त आत कशा ओवल्यात ते बघायला हवं, असं स्वतःला समजावत मी बारीक स्क्रूड्रायव्हर पुढच्या डाव्या चाकामागे घातला आणि जोर दिला. चाक टक्कन निघालं. तारा टेबलावर पडल्या, मांदेलीच्या काट्यांसारख्या.

माझ्या गाडीचं चाक काढून मी त्यांच्या गाडीला चिकटवलं, त्यांचं मोडकं माझ्या गाडीला. दादांना कुठे दिसतंय, असं मनात आलं. तेव्हा त्याची लाजही वाटली नाही.

आमच्या खात्यात तपासलेल्या प्रत्येक नगाच्या पोटाला रंगाचा ठिपका द्यायची रीत होती. दादांचा पिवळा, माझा पांढरा, नापास मालाला लाल. चुकीचा नग पास होऊन परत आला, तर ज्याचा ठिपका त्यानंच सगळ्यांदेखत त्यावर लाल द्यायचा. जर्मनीहून गाडी आली त्या दिवशीच दादांनी तिच्या पोटाला पिवळा दिला होता. चाक चिकटवून, पुसून झालं, आणि माझ्या हातानं सवयीनं त्या पिवळ्याशेजारी पांढरा देऊन टाकला. मला कळलंसुद्धा नाही.

गाडी परत केली तेव्हा "तुमचीच खरी" असं सांगितलं. दादा खूश झाले. अंगठ्यानं एकेक चाक फिरवत बसले. पुढचं डावं अडलं.

"हे फिरत नाय."

"धूळ गेली असेल," मी म्हणालो.

परतताना कर्जतला पेट्रोल भरायला थांबलो, आणि तो पांढरा ठिपका एकदम डोळ्यांसमोर आला. कधी दिला ते आठवेना, पण दिला होता, हे नक्की. मागे फिरून काय सांगणार होतो? तसाच खोपोलीला आलो.

तेव्हापासून दादांच्या घरचा फोन आला की पाच-सहा रिंगा वाजू द्यायचो. कामावर हातातला नग दोनदा तपासायला लागलो. तसं मॉडेल दुसरीकडे मिळतं का बघितलं, ते बनवणंच बंद झालेलं. ऑपरेशन पुढे ढकललं जावं असंही एकदा वाटून गेलं. ज्या माणसानं मला काम शिकवलं, त्याचे डोळे अधू राहावेत अशी इच्छा मी केली. याहून वाईट माझ्याकडे सांगायला काही नाही.

पट्टी निघाल्यावर वहिनींचा फोन आला, तुमची गाडी घेऊन या म्हणतात. वाटेत पळसदरीच्या वळणांवर वाटलं, घरी राहिली म्हणून सांगावं. गाडी पिशवीतच होती.

दादा काळा चष्मा लावून ओटीवर बसले होते. समोर रुमालात त्यांची गाडी, अजून गुंडाळलेली.

"कधीचे धरून बसलेत," वहिनी म्हणाल्या. "तुमी आल्याबिगर सोडायची नाय म्हणे."

दादांनी चष्मा काढला, रुमाल सोडला. आधी गाडी उलटी केली. तपासणीवाला पोट आधी बघतो.

"हा पांढरा तुझा."

"हो."

त्यांनी गाडी सुलटी केली आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले. मी पिशवीतून माझी काढून शेजारी ठेवली. तीन जाड चाकं आणि एक नाजूक, तुटक्या तारांचं. त्यांच्याकडे तीन नाजूक आणि एक जाड.

"पडली का?"

"पडली," मी म्हणालो.

त्यांनी भिंग घेतलं आणि चाकामागची जागा बराच वेळ पाहिली. स्क्रूड्रायव्हरचा चरा तिथे आहे. पडल्याची खूण कशी असते आणि उचकटल्याची कशी, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. वहिनींना हाक मारून लेकीची लाल नेलपॉलिश मागितली.

"दिसाया लागलं नि नटायची हौस आली का?" म्हणत वहिनींनी फ्रिजच्या दारातली बाटली आणून दिली. हसत होत्या. दादांनी ती माझ्यापुढे सरकवली.

मी त्यांची गाडी उलटी करून ब्रश भरून ठिपका दिला, तो पसरला. पिवळा, पांढरा, आणि त्यांच्यावर ओघळलेला लाल. वहिनींचं हसू थांबलं.

दादांनी ठिपक्यावर फुंकर घातली. म्हणाले, "रविवारी ये, पोराचा फोन हाय. गाडी दाखवा म्हणतो. काय झालं ते तू सांग त्याला."

उद्या रविवार आहे. 'पडली' हा शब्द मी दादांपुढे एकदा वापरला. त्यांच्या मुलापुढे तो तोंडातून निघू नये म्हणून सगळं आधी इथे लिहून काढलं आहे. तरीही भीती वाटते. दादा शेजारीच बसलेले असतील, आणि आता त्यांना दिसतं.